वैद्यबुवांचा इलाज

“वैद्यबुवा, धावा! चारही खिडक्या मेल्या!”

कॅशियरबाईंनी आरोळी ठोकली तेव्हा वैद्यबुवा खुर्चीतून उठलेच होते. पाणीबिल भरण्याच्या त्या लांबट हॉलमधले दिवे एकदम पिवळे पडले होते, पंखे मरगळले होते, आणि रांगेतली माणसं “गेली, गेली” म्हणेपर्यंत वीज परत आलीसुद्धा होती. पापणी लवायचा अवकाश. पण तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन गेलं. चारही खिडक्यांवरचे कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाले आणि चौघांनी एकच रड लावली, मुख्य मशीन सापडत नाही. त्यात दंडाशिवाय बिल भरायचा आज शेवटचा दिवस. रांग दाराबाहेर पायऱ्यांपर्यंत गेलेली.

वैद्यबुवा हे काही त्यांचं नाव नव्हे. कॉम्प्युटर बिघडला की ते आधी त्याच्या पाठीवर हात ठेवून ताप बघत, कान लावून आतल्या पंख्याची घरघर ऐकत, आणि मग बसलेल्या माणसाला गंभीरपणे विचारत, “काल याला काय खाऊ घातलंत?” कोणीतरी गमतीने वैद्यबुवा म्हटलं, ते चिकटलं. पन्नाशी उलटून गेली तरी या माणसाला आयुष्यात मिळालेली एवढी एकच पदवी. घरी वडील त्यांना ‘स्क्रू फिरवणारा’ म्हणायचे.

हॉलच्या टोकाला, पूर्वी जिथे झाडू-बादल्या ठेवत त्या खोलीत मुख्य मशीन होतं. खोलीची किल्ली वैद्यबुवांच्या कमरेला. त्यांनी कुलूप काढलं, उकिडवे बसले आणि बॅटरीचा, म्हणजे हातातल्या टॉर्चचा, उजेड मशीनच्या पाठीवर टाकला. नेटवर्कची वायर जिथे आत शिरते तिथले दोन बारीक दिवे एरवी सारखे लुकलुकत असायचे. आज दोन्ही ठार काळे.

“नेटवर्क कार्ड,” ते म्हणाले.

“गेलं?” दारातून साहेबांनी विचारलं. साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. निवृत्तीला आलेला, मोजकं बोलणारा माणूस.

“गेलं असं नाही म्हणता येणार. बेशुद्ध आहे.”

साहेबांच्या खांद्यावरून कॅशियरबाईंनी मुंडी आत घातली. “पण मी म्हणते, तो यूपीएस आहे ना तिथे? वीज गेली तर मशीनला सांभाळायलाच आणलाय ना तो? मग याला झटका बसलाच कसा?”

वैद्यबुवांनी टॉर्च झटकन दुसरीकडे वळवला.

“बाई, तुम्ही खिडकीवर जा बघू,” साहेब तुटकपणे म्हणाले. “लोकांना आवरा. इथे गर्दी नको.”

बाई नाक मुरडून गेल्या. साहेब मात्र गेले नाहीत. त्यांनी शिपाईकाकांना खुर्ची आणायला लावली आणि दारातच ठाण मांडून बसले. म्हणजे झालं! ज्याची सावली नको तोच उशाशी.

आता यातली गोम सांगायलाच हवी. या आजाराचा इलाज वैद्यबुवांना पहिल्या मिनिटालाच कळला होता. असा विजेचा गचका बसला की कार्ड कधीकधी भांबावून जातं. मग मशीन बटणाने बंद करा, चालू करा, दिवसभर करत बसा, ते काही शुद्धीवर येत नाही. कारण बटण बंद असलं तरी वायरीतून थोडी थोडी वीज आत झिरपत राहते आणि कार्ड तिच्यावर तसंच अर्धवट जागं राहतं. इलाज एकच. विजेची वायर मशीनच्या पाठीतून उपटायची, सुरू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, आत उरलीसुरली वीज असेल ती संपू द्यायची आणि मग पुन्हा वायर लावायची. लहान मुलाला सांगितलं तरी करेल.

पण ती वायर मशीनच्या पाठीत अगदी तळाशी शिरत होती, आणि तिथे मशीनला खेटून यूपीएसचा लोखंडी डबा उभा होता. डबा सरकवल्याशिवाय वायरीला हात पोचत नव्हता. आणि तो डबा सरकवायला, आतल्या बॅटरीच्या वजनामुळे, दोन दांडगे गडी लागतात हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. आणला तेव्हा शिपाईकाकांची कंबर धरली होती, त्याची कथा ते अजून सांगत. वैद्यबुवांनी एकट्याने एका हाताने तो सरकवला असता तर?

कारण डबा रिकामा होता. बॅटरी वैद्यबुवांच्या घरी होती.

वडिलांच्या फुफ्फुसांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घरी ठेवायला सांगितलं, तेव्हाची गोष्ट. त्या भागात वीज दिवसाआड जायची. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी कधीच मेली होती, आणि वैद्यबुवांचा पगार औषधांच्या दुकानातच वितळायचा. मोठा भाऊ लांब असायचा. मोठ्याची काळजी फोनवरून यायची. “बाबांना जप रे. कमी काही पडू देऊ नकोस.” एका दुपारी वीज गेली, मशीन बंद पडलं, आणि वडिलांचे ओठ डोळ्यांदेखत निळे पडत गेले. वीज आली म्हणून निभावलं. त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी वैद्यबुवांनी ऑफिस उघडलं, बॅटरी काढली, पोत्यात घातली आणि घरी नेली. यूपीएस बॅटरी नाही म्हणून कुईकुई करायला लागला, तर त्याच्या भोंग्याची वायर कापली. डब्याचं दार कोणी उघडू नये म्हणून दाराची बाजू मशीनला खेटवली. पुढे हिरवा दिवा जळतोय, बघणाऱ्याला वाटावं सगळं आलबेल आहे.

वडील त्या बॅटरीवर वर्षभर जगले. आणि गेले, त्यालाही दोन महिने होत आले होते.

मग बॅटरी परत का नाही आणली? तो तर खरा अवघड प्रश्न. आईने ते ऑक्सिजनचं मशीन बंद करू दिलं नाही म्हणून. रिकाम्या पलंगाशेजारी ते रात्रंदिवस चालू असायचं. “असू दे रे. बंद केलं की घर खायला उठतं,” म्हणायची. एकदा वैद्यबुवांनी मन घट्ट करून बॅटरी सोडवली आणि दाराशी आणून ठेवली. नेमकी तेव्हाच वीज गेली. मशीन थांबलं. आणि आई अनवाणी जिन्यात धावली, शेजाऱ्यांची दारं बडवत, “धावा हो, यांचा श्वास अडकला!” शेजाऱ्यांनी तिला धरून परत आणलं. घरात पाऊल टाकल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि ती कोपऱ्यात तोंड फिरवून बसली. वैद्यबुवांनी बॅटरी पुन्हा जोडली. आणतो, आणतो करत दिवस गेले.

तर असा हा वैद्य, औषध माहीत असून रोग्याला नुसता चाळवत बसला. आधी त्यांनी नेटवर्कची वायर बदलली. दिवे काळेच. मग वायरीचं दुसरं टोक वेगळ्या भोकात घातलं. ती वायर कॅशियरबाईंच्या कॉम्प्युटरला लावून बघितली, तिथे ठणठणीत चालली. मग मशीनच्या पडद्यावर सगळ्या भागांची यादी उघडली. कार्डाच्या नावापुढे पिवळं चिन्ह, खाली ओळ, हा भाग सुरू होऊ शकत नाही. कार्डाचं सॉफ्टवेअर काढलं, पुन्हा घातलं. पिवळं चिन्ह जागच्या जागी. मशीन बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं.

बाहेर रांग गुरगुरायला लागली होती. “अहो, आमची रजा गेली आजची!” कोणीतरी ओरडलं. “बिल भरायला आलोय, भीक मागायला नाही!” कॅशियरबाईही कमी नव्हत्या. “मग मी काय करू? पाणी ओतू का मशीनवर?”

“भिंतीवरचं बटण बंद करून बघितलंत?” साहेबांनी शांतपणे विचारलं.

“बघतो ना,” वैद्यबुवा म्हणाले, पण उठले नाहीत. भिंतीवरचं बटण बंद केलं की यूपीएसचा हिरवा दिवा तिथल्या तिथे विझणार, आणि बॅटरी असलेल्या यूपीएसचा दिवा असा फटकन विझत नाही, एवढं साहेबांनाही कळलं असतं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. “मी कंपनीच्या माणसाला फोन केलाय. तीनपर्यंत येतो म्हणाला. तुमच्याच्याने होत नसेल तर तो बघेल.”

वैद्यबुवांनी डब्याकडे बघितलं. कंपनीचा माणूस आला की पहिला हात कशाला घालणार? यूपीएसला. दार उघडणार, आणि आत नुसती धूळ. पुढचं त्यांना दिसायलाच लागलं. चौकशी, चोर हा शिक्का, आणि तो शिक्का घेऊन या वयात कुठलं ऑफिस दारात उभं करणार? घरात आई एकटी, आणि चूल त्यांच्याच पगारावर.

त्यांनी टॉर्च खाली ठेवला. “साहेब, शेवटचा एक उपाय आहे. हा डबा जरा सरकवावा लागेल.”

 शिपाईकाका पुढे झाले. “थांबा बुवा, एकट्याचं काम नाही ते. मी या बाजूने धरतो.”

“नको काका, तुमची कंबर…”

“कंबरेचं मी बघतो. तुम्ही धरा.”

आता आली का पंचाईत! वैद्यबुवांनी डब्याला हात लावला, दात-ओठ खाल्ले, मानेच्या शिरा ताठ केल्या आणि “हं!” असा हुंकार दिला. मनात म्हटलं, काका एक हिसका देतील आणि डबा भिंतीवर जाऊन आदळेल. पण झालं भलतंच. समोरून काका त्यांच्याहून मोठ्याने कण्हले. “आई गं! काय जड आहे हो हे धूड!” त्यांनी गुडघे वाकवले, दम घेतला, पुन्हा जोर लावला. डबा तसूतसूने सरकला. दोघं माणसं त्या रिकाम्या पत्र्याच्या खोक्याशी कुस्ती खेळत होती. काकांनी कंबरेवर हात ठेवून घामसुद्धा पुसला. वैद्यबुवांना कळेना, या म्हाताऱ्याला रिकामा डबा जड कसा लागला? पण विचार करायला वेळ नव्हता. नशीब, असं मनात म्हणून त्यांनी हात आत घातला.

वायर उपटली. सुरू करायचं बटण दाबून धरलं. मशीन खरोखरचं, पूर्ण निजलं. थोडा वेळ थांबून वायर लावली, मशीन सुरू केलं आणि टॉर्च मारला. कार्डाचे दोन्ही दिवे पुन्हा लुकलुकत होते.

“आलं! आलं!” बाहेर कॅशियरबाई चित्कारल्या. “वैद्यबुवा, पेशंट उठून बसला हो!” रांगेतल्या कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. खिडक्यांवरची छपाईयंत्रं करकरायला लागली. वैद्यबुवांच्या जिवात जीव आला. काकांच्या मदतीने, तसंच कण्हत, त्यांनी डबा जागेवर ढकलला, कपाळ पुसलं आणि त्यांना वाटलं, वाचलो. गंगेत घोडं न्हालं.

“जरा केबिनमध्ये या,” साहेब म्हणाले.

केबिनमध्ये साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं नाही.

“कंपनीच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवलंय मी,” ते म्हणाले. “तो आला असता तर त्याने आधी यूपीएस उघडला असता.”

वैद्यबुवांना आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. 

“वडिलांना बघायला काका आणि मी तुमच्या घरी आलो होतो, आठवतं? तुम्ही आमच्यासाठी दूध आणायला खाली गेला होतात. तेव्हा पाहिली मी बॅटरी, पलंगाखाली. आपल्या ऑफिसच्या नंबराची पांढरी अक्षरं तशीच होती तिच्यावर. ती खरवडायचंही सुचलं नाही तुम्हाला.”

“साहेब…”

“बोलू द्या मला. घरी जाताना काका म्हणाले, साहेब, आपण काही पाहिलं नाही. मी म्हटलं, नाही पाहिलं. माणसाचा श्वास आधी, पाण्याची बिलं मागून. वर्षभर मी वरून कोणी तपासायला आलं की छातीत धडधड घेऊन बसायचो. तुमच्यासाठी. वडील गेले, तुम्ही कामावर आलात. मला वाटलं, आज आणतील. उद्या आणतील. काका रोज सकाळी दारात उभे राहून तुमच्या हाताकडे बघायचे. रोज तुम्ही जेवणाचा डबा आणि छत्री घेऊन यायचात.” साहेबांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “मी म्हातारा होत आलो. माणसं ओळखता येतात अशी माझी समजूत होती. ती तुम्ही मोडलीत.”

“साहेब, आईमुळे… आई जी आहे, ती…”

“आईला मध्ये घालू नका!” साहेबांनी पहिल्यांदाच टेबलावर हात आपटला. “त्या माउलीचा काय संबंध? स्वतःचं निस्तरायला आई पुढे करता?”

 वैद्यबुवा सांगणार तरी काय होते? की माझी आई मेलेल्या माणसाचा श्वास ऐकत झोपते? खरं होतं, पण त्या केबिनमध्ये ते चोराच्या उलट्या बोंबांसारखंच वाटलं असतं.

“आत्ता जा आणि घेऊन या. संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत जागेवर बसली पाहिजे. नोकरीला मी हात लावत नाही, काळजी करू नका. खोलीची किल्ली तेवढी इथे ठेवा. उद्यापासून मशीनला काही झालं तर काका उघडून देतील आणि तुमच्याजवळ उभे राहतील.”

किल्ल्यांच्या कडीतून ती एक किल्ली निघता निघेना. वैद्यबुवांनी नखाने कडी ताणली, नख मोडलं, शेवटी दाताने ओढून काढली. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. हॉलमधून जाताना कॅशियरबाईंनी हाक मारली, “काय बुवा, बक्षीस दिलं की नाही साहेबांनी?” काका दाराशीच होते. त्यांनी दार उघडून धरलं आणि नजर बुटांवर ठेवली. मघाच्या त्यांच्या कण्हण्याचा अर्थ वैद्यबुवांना आता लागला, आणि त्यांना वाटलं, याच्यापेक्षा काकांनी कानाखाली मारली असती तर परवडलं असतं.

घरी आई पलंगाशेजारी स्टुलावर बसून मशीन फडक्याने पुसत होती. भुस्स… फूस… भुस्स… फूस. दुपारच्या त्या शांत घरात तेवढाच आवाज.

“आज लवकर रे? बरं नाही का?”

“बरा आहे. बॅटरी न्यायला आलोय.” ते पलंगाखाली वाकले आणि पाना लावून वायरी सोडवायला लागले.

“का? चांगली चाललीये की!”

“तिच्यात पाणी घालावं लागतं. दुरुस्तीवाल्याकडे न्यायची आहे.”

“परत कधी आणशील?”

“बघू.”

“आणि मध्येच वीज गेली म्हणजे?”

वैद्यबुवांच्या हातातला पाना घसरला. दिवसभराचं साठलेलं एकदम उसळलं. “गेली तर बंद पडेल! बाबा नाहीत आता, आई! कोणाला श्वास पुरवायचाय आपल्याला?”

 आई फडक्याची घडी घालत राहिली. मग म्हणाली, “मला ठाऊक आहे ते नाहीत. मला वेड नाही लागलेलं. नुसता आवाज असला की बरं वाटतं एवढंच.” थोड्या वेळाने तीच जरा ओशाळल्यासारखं हसली. “घेऊन जा बाबा. यंत्रांचं तुला कळतं. तुमचे साहेब भेटले तर माझा नमस्कार सांग हो. फार भला माणूस. फार कौतुक केलं त्यांनी हिचं.”

“कोणाचं?”

“अरे, या बॅटरीचं! यांना बघायला आले होते ना? तू दूध आणायला गेला होतास. मीच त्यांचा हात धरून खाली वाकवलं. म्हटलं, बघा साहेब, मोठा नुसता फोन करतो, पण माझ्या धाकट्याने पोटाला चिमटा काढून ही आणली बापासाठी. नंबरसुद्धा घातलाय वर, अस्सल माल आहे. साहेब वाकून किती तरी वेळ बघत राहिले. तो तुमचा शिपाईसुद्धा. डोळे भरून आले रे त्या माणसाचे.” आईने स्वतःचे डोळे टिपले. “यांचंही लक्ष होतं हं. नळी लावलेली होती तरी ऐकत होते. साहेब यांना म्हणाले, मुलगा असावा तर असा. यांनी मान हलवली. जन्मात पहिल्यांदा तुझ्यासाठी हलवली.”

वैद्यबुवा पलंगाखालीच राहिले. शेवटचा नट सुटला होता, तरी ते तो पान्याने फिरवत बसले.

“सापडत नाहीये का काही? दिवा दाखवू?”

“नको,” ते म्हणाले. “निघाली.”

त्यांनी बॅटरी ओढून बाहेर काढली, पोत्यात घातली आणि पोत्याला दोरी आवळली. आईने पुढे होऊन दार उघडलं. जिना तीन मजल्यांचा. दोरी बोटांत रुतत होती, आणि बॅटरी प्रत्येक पायरीला गुडघ्यावर आपटत होती. वरून, कठड्यावरून वाकून, आई सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडली, “जपून रे! हात बदलत जा!”

वैद्यबुवांनी पोतं खाली ठेवलं, हात बदलला आणि चालू लागले.